नेम बरोबर, बैठक चुकीची : बंदुकीच्या दस्त्याचा इतिहास



आज पिकाची नाही, पिकाच्या राखणीची नोंद.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याकडे लायसनची ३१५ बोअरची रायफल. रानडुकरांनी मका आडवा केला म्हणून त्यांनी वनखात्याची लेखी परवानगी काढली. उन्हाळ्यात कागदाच्या निशाणावर रायफल बरोबर लागत होती. भाद्रपदात मात्र नेम धरला खांद्यामागे अन् गोळी लागली मागच्या फऱ्यात. जखमी डुक्कर शेजारच्या उसात घुसलं. दोन दिवस त्या उसात कुणी पाय ठेवला नाही. जखमी डुक्कर माणसावर कसं येतं ते सांगायला नको.

सगळे म्हणाले, हात हलला असेल. पण लायसनदार कारागिराने रायफल उघडली तेव्हा वेगळंच निघालं. पावसाळी हवेने दस्त्याचं लाकूड फुगलं होतं आणि एका बाजूने नळीला रेटत होतं. खालचा स्क्रूही ढिला. नळी चांगली, नेम चांगला, बैठक मात्र बिघडलेली. तेव्हापासून मला या बैठकीच्या इतिहासाचा नाद लागला.

आपल्या नामपूरवरून जाणारी मोसम पुढे मालेगावला जाते. तिथे नदीकाठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास भुईकोट किल्ला बांधला. १८१८ च्या मे-जूनमध्ये इंग्रजांनी त्याला वेढा घातला तेव्हा आतल्या अरब शिपायांनी जवळजवळ महिनाभर दाद दिली नाही. त्या काळी आपल्याकडे तोड्याची बंदूक चाले. जळत्या वातीने दारू पेटवायची. नळी लांब, जाड आणि जड, दस्ता बारीक. नळी दस्त्याला धातूच्या किंवा चामड्याच्या पट्ट्यांनी आवळलेली. या बंदुका पलटणीच्या बंदुकीपेक्षा लांब मारतात, असं खुद्द इंग्रजांनीच लिहून ठेवलंय. पण पट्टा सैल पडला की नळी दस्त्यात हलणार आणि पाऊस आला की वातच विझणार. पाणी हा बंदुकीचा जुना वैरी.

पुढे १८७८ च्या हत्यार कायद्याने लायसन आलं. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा झाला. त्यात पीक राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचं लायसन देण्याची तरतूद आहे. ठासणीची नळी आतून गुळगुळीत असते, ती जवळच्या मारासाठी. तिच्यात बैठकीचा थोडाफार फरक खपून जातो. रायफलीत खपत नाही. रायफलीच्या नळीत आटे असतात, गोळी गरगर फिरत सरळ जाते, त्यामुळे बारीक चूकसुद्धा लांबवर दिसते. एका अंशाचा साठावा भाग फरक पडला तरी १०० मीटरवर गोळी सुमारे ३ सेंटिमीटर सरकते.

आता बैठक म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. जुनं डिझेल इंजिन आठवा. इंजिन कितीही चांगलं असो, फाउंडेशनचा बोल्ट ढिला झाला की पट्टा उतरायचा. बंदुकीचंही तसंच. बार उडाला की नळी थरथरते आणि सगळं लोखंड मागे धक्का मारतं. ते दर वेळी लाकडात त्याच जागी, तेवढ्याच घट्ट बसलं, तर नळी दर वेळी सारखीच थरथरते आणि गोळ्या एका जागी पडतात. बैठक हलली की प्रत्येक गोळीची वाट वेगळी.

हे फौजेने फार आधी ओळखलं. १९०७ च्या नमुन्याची थ्री नॉट थ्री बंगालातल्या ईशापूर कारखान्यात बनायची. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा. पुढच्या लाकडाला मागच्या बाजूला दोन खांदे असतात, धक्का त्यांच्यावर येतो. ते झिजले की रायफल भरकटते. नळीखाली स्प्रिंगवर बसवलेली बारीक खुंटी असते, ती नळीला ठरावीक दाब देते. ईशापूरवाल्यांनी लाकूड चिरू नये म्हणून पुढच्या दस्त्यात एक आडवा स्क्रूही घातला. कुऱ्हाडीचा दांडा चिरू नये म्हणून आपण त्यावर कडं चढवतो, तसाच विचार.

थ्री नॉट थ्री फौजेचा बोअर, म्हणून सामान्य माणसाला ती मिळत नव्हती. त्यासाठी ईशापूरने त्याच घडणीवर ३१५ बोअरची रायफल बनवली. आपल्याकडच्या लायसनच्या रायफली बहुतेक याच.

दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात नवी रीत रुळली. दस्त्यात लोखंड बसतं तिथलं लाकूड थोडं कोरायचं, लोखंडाला मेण लावायचं, खाचेत इपॉक्सी भरायचा आणि रायफल त्यात बसवून सुकू द्यायची. लोखंडाचा हुबेहूब साचा तयार होतो. हा थर पाणी पीत नाही, फुगत नाही. काही जण स्क्रूभोवती अॅल्युमिनियमच्या नळ्या बसवतात, म्हणजे स्क्रू आवळताना लाकूड दबत नाही. पुढची नळी मात्र बऱ्याच रायफलींत मोकळी ठेवतात. नळी अन् लाकूड यांच्यामधून कागदाची पट्टी सुरळीत सरकली पाहिजे. पण हा नियम सगळ्यांना लावू नका. ३१५ ची घडण थ्री नॉट थ्रीची, तिला पुढे आधार लागतो. दुसऱ्याच्या रायफलीचं पाहून आपला दस्ता तासला तर होती ती बैठकही जाते.

लायसनवाल्यांनी एवढं तरी करावं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर स्क्रू तपासावेत. बंदूक ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. काम लायसनदार कारागिराकडूनच करून घ्यावं. घरच्या रंध्याने किंवा गावच्या सुताराकडून नको. कायदाही तेच सांगतो. आणि पावसाळा उलटला की कागदावर पुन्हा नेम तपासल्याशिवाय जनावरासमोर उभं राहू नये.

वन्यजीव कायद्यामुळे हौसेची शिकार संपली, ते बरंच झालं. आता जी काही बंदूक चालते ती पिकासाठी आणि परवानगीने. म्हणूनच गोळी नेमकी लागली पाहिजे. जनावर तडफडत गेलं तर पाप आपल्या माथी, आणि दुसऱ्या दिवशी त्या रानात विळा घेऊन जाणारी बाई आपल्याच घरची असते.

तुमच्या गावात जुनी ठासणीची बंदूक कुणाकडे लायसनवर असेल, तर तिचा दस्ता कोणत्या लाकडाचा आहे ते विचारून कळवा. पुढच्या नोंदीत लिहीन.