शिवडीचे रोहित : एका सवयीचा इतिहास

शिवडीच्या चिखलावर हिवाळ्यात उतरणारे रोहित पक्षी मुंबईच्या इतके अंगवळणी पडले आहेत की, ते अनादी काळापासून येथे येत असावेत, असा आपला समज होतो. वस्तुतः त्यांचे मोठे थवे येथे दिसू लागले ते १९९० च्या दशकात.

या बंदरातले पक्षिनिरीक्षण मात्र त्याहून पुष्कळ जुने आहे. १८८३ साली मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे जन्माने साताऱ्याचे आणि नोकरीने जकात व मीठ खात्यातले. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक १९०० साली निघाले. पक्ष्याचा अभ्यास म्हणजे बहुधा त्याला बंदुकीने टिपणे, असा तो काळ. त्यात एटकिन यांची मिस्कील, शेजारधर्माची नजर वेगळी उठून दिसते. पुढे १९४१ मध्ये सलीम अलींच्या सचित्र पुस्तकाने हा छंद सामान्य वाचकाच्या हाती दिला.

मग रोहित इतक्या उशिरा का आले? धाकटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळावर जगतो, आणि खाडीत ते शेवाळ माजले ते शहराच्या सांडपाण्यामुळे, असे अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या दृश्याला आपण निर्मळ निसर्ग म्हणतो, त्यात आपल्या गटारांचाही वाटा आहे. निसर्गाच्या नावाने गहिवरणाऱ्या आपल्या ललित गद्याने ही अडचण फारशी मनावर घेतलेली नाही. (मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची लोकांतली नावे आयुष्यभर वेचली, शिवडीच्या धक्क्यावर मात्र मराठी माणूसही ‘फ्लेमिंगो’च म्हणतो. कुरव, तुतारी, पाणटिवळा यांच्याकडे तर नजरच वळत नाही.)

या उशिरा येण्याला आज वेगळेच महत्त्व आले आहे. जे तीसएक वर्षांत आले, ते तितक्याच सहज जाऊही शकते. ‘परंपरेने येतात, येतच राहतील’ हा दिलासा येथे लागू पडत नाही. २०१५ साली ठाणे खाडीत रोहित अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. परंतु ते खाडीच्या वरच्या अंगाला आहे. शहराने जेथे रोहित पाहायला शिकून घेतले, ती शिवडीची दलदल त्याच्या हद्दीबाहेर राहिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू तेथूनच सुरू होतो.