ढब्बू पैसा, शिवराई अन् भोकाचा पैसा : घरातल्या जुन्या तांब्याच्या नाण्यांत दुर्मीळ कोणतं?

जुनं माळवद उतरवताना, उतरंडीच्या मडक्यात नाहीतर देव्हाऱ्यात तांब्याची जुनी नाणी आजही सापडतात. मोबाईलवर 'हे नाणं असेल तर लाखो रुपये मिळतील' असे व्हिडिओ फिरतात, म्हणून लोक ती काढून बघतात. पण जुनं तेवढं सगळं दुर्मीळ नसतं. नाणं किती पाडलं होतं, त्यातलं किती उरलं आणि त्यावरची अक्षरं किती शाबूत आहेत, यावर संग्राहक भाव ठरवतात.

आधी जुना हिशेब. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 4 पैसे आणि पैशाच्या 3 पै. म्हणजे रुपयाला 64 पैसे. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे 100 नवे पैसे झाले.

सगळ्यात जास्त सापडतो भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा मधे भोक ठेवून धातू वाचवला. 1943 ते 1947 ही त्याची सालं, वजन जेमतेम 2 ग्रॅम. पोरांच्या करदोट्यात ओवला, कुणी वायसर म्हणून लावला. ढिगानं पाडला अन् ढिगानं उरला, त्यामुळे भाव किरकोळच. 1835 सालचा कंपनीचा पाव आणाही तसाच. दीडशेच्या वर वर्षं जुना आहे, पण मिळतो सहज.

ढब्बू पैसा म्हणजे अर्धा आणा. कंपनीचा ढब्बू जवळपास 13 ग्रॅमचा. तो पैशापेक्षा कमी सापडतो, राणी व्हिक्टोरियाच्या छापाचा तर आणखी कमी. देवास आणि धार या पवारांच्या संस्थानांची 1887-88 ची तांब्याची नाणी हाती लागली तर जपून ठेवावीत. त्यांच्या एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला संस्थानाचं नाव असतं. वजनावरूनही काळ कळतो. राणीच्या काळातला पैसा साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरतो. 1906 पासून तांब्याऐवजी कांस्य आलं आणि तो पाच ग्रॅमच्या आत आला. सोनाराच्या काट्यावर हे लगेच समजतं.

शिवराईचं प्रकरण वेगळं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. शिवाजी महाराजांच्या काळात सुरू झालेली ही शिवराई पुढे पेशवाईतही पाडली जात होती. हातानं ठोकलेली, त्यामुळे अक्षरं अर्धीच उमटलेली दिसतात. कुठे 'शिव', कुठे 'शीव', कुठे 'सिव'. पूर्ण मजकूर आलेली शिवराई कमी, म्हणून तिला मागणी. नकलाही तितक्याच. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ आणि अंगावर बारीक खड्डे दिसतात.

नाणं सापडलं की आधी चिंच, लिंबू किंवा राखेनं घासायचं, ही आपल्याकडची खोड. तांब्यावर चढलेला काळपट-तपकिरी थर हाच त्याचा जुनेपणा. घासून चकाकवलेल्या नाण्याचा भाव संग्राहक लगेच खाली आणतात. माती असेल तर साध्या पाण्यात भिजवून मऊ कापडानं टिपावी, बस.

फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. राम दरबार किंवा हनुमान असलेलं, वर 1818 लिहिलेलं 'कंपनीचं नाणं' कंपनीनं कधीच पाडलं नव्हतं. 'तांदूळ ओढणारं नाणं' ही तर शुद्ध लबाडी, त्यापायी लोकांचे लाखो रुपये गेलेत. तिसरा प्रकार फोनवरचा. तुमचं नाणं घेतो म्हणायचं आणि आधी नोंदणी फी किंवा कर भरायला लावायचं. आपण असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी फी किंवा कमिशनही मागत नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केलंय. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही.

वाडवडिलांकडून आलेली नाणी घरात ठेवायला हरकत नाही. पण नांगरताना किंवा पाया खणताना हंडा सापडला तर तो 1878 च्या निखात निधी कायद्यात येतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते, हिस्साही जातो. कळवलं आणि जुना मालक निघाला नाही, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक हिस्सा मिळण्याची तरतूद याच कायद्यात आहे. सरकारला धन ठेवून घ्यायचं असेल तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश मोजावं लागतं. शंभर वर्षांवरचं नाणं परदेशात पाठवायला मात्र 1972 च्या कायद्यानं बंदी आहे, कुरिअरनंसुद्धा.