वळसंगची विहीर आणि बाबासाहेबांचा पालि शब्दकोश

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना दक्षिण सोलापूर तालुक्यात वळसंग हे गाव लागते. १९३७ साली परमपूज्य बाबासाहेब आंबेडकर या गावी आले होते. त्या भेटीची स्मृती येथील एका विहिरीशी निगडित आहे व ती आजही श्रद्धेने जपली जाते. ज्यांना गावचा पाणवठा बंद होता, त्यांच्या लेखी स्वतःच्या विहिरीचे मोल केवळ पाण्यापुरते नव्हते. तेथे वरून पाणी ओतणाऱ्या हाताची वाट पाहावी लागत नसे. बाबासाहेबांच्या वाट्याला भाषेचाही असाच एक बंद पाणवठा आला होता. तेथे त्यांनी आपली विहीर कशी खणली, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत शिकता आले नाही. फारसी घ्यावी लागली. पुढे संस्कृतचा अभ्यास त्यांनी स्वप्रयत्नाने केला. तरीही शूद्रांच्या मूळ शोधावरील १९४६ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, आपण संस्कृतवर प्रभुत्व सांगत नाही, अशी स्पष्ट कबुली त्यांनी दिली आहे. आपली उणीव ओळखून कामाला लागणे हीच स्वाध्यायाची पहिली पायरी होय.

१९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झाल्यावर कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तेथून सुरू झालेली वाट अखेर मूळ पालि ग्रंथांपाशी आली. चाइल्डर्स यांचा कोश एकोणिसाव्या शतकातच झाला होता. ऱ्हिस डेव्हिड्स व स्टीड यांचा कोश १९२१ ते १९२५ या काळात निघाला. पण दोन्हींत अर्थ इंग्रजीत. आपल्या बांधवांपुढे अशी दोन कुलुपे होती, एक पालीचे आणि दुसरे इंग्रजीचे. बाबासाहेबांनी पालि व्याकरण आणि इंग्रजी, मराठी, हिंदी व गुजराती अर्थांसह पालि शब्दकोश रचण्याचे काम हाती घेतले. राज्यघटना, संसद, शिक्षणसंस्था आणि ढासळती प्रकृती यांतून वेळ काढून हे काम झाले.

कोश रचणाऱ्याला एकही शब्द चुकवून पुढे जाता येत नाही. ‘वेदना’ हा शब्द घ्या. मराठीत त्याचा अर्थ दुखणे. पालीत सुखद, दुःखद आणि दोन्ही नसलेली, अशी प्रत्येक संवेदना म्हणजे वेदना. ‘विञ्ञाण’ म्हणजे जाणीव. आजच्या मराठीतील ‘विज्ञान’ नव्हे. ओळखीचा वाटणारा शब्दच अधिक फसवतो. चार भाषांत अर्थ लिहावयास बसलेल्या माणसाला अशा प्रत्येक ठिकाणी थांबून निर्णय करावा लागतो, आणि त्या निर्णयांतूनच भाषा अंगी मुरते.

गोव्याचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली घर सोडून निघाले, १९०२ मध्ये सिंहलद्वीपी पोहोचले आणि विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी पालि शिकले. त्यांना गुरू लाभले, विहारातील निवांतपणा लाभला. बाबासाहेबांच्या वाट्याला असा निवांतपणा कधी आला नाही. म्हणून त्यांचा कोश हा एका थोर विद्यार्थ्याच्या अभ्यासाचा पुरावा म्हणूनही वाचला पाहिजे.

या कोशाचे पुढे काय झाले? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी पालि शब्दांत त्रिसरण-पंचशील ग्रहण केले. त्या शब्दांचे अर्थ सांगणारा हा कोश मात्र महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेचा सोळावा खंड म्हणून १९९८ साली प्रकाशित झाला. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर बेचाळीस वर्षे लोटली होती. एक अख्खी पिढी अर्थाविना गाथा म्हणत राहिली.

आज तो खंड अनेक घरांत, विहारांत कपाटात आहे. त्याला पुष्पे वाहिली जातात, पण पाने क्वचितच उलटली जातात. त्याच खंडात ‘बौद्ध पूजा पाठ’ही आहे. येत्या वर्षावासात प्रत्येक विहाराने त्यातील एकच गाथा घ्यावी, तिचा शब्दन् शब्द कोशात शोधावा आणि उपासक-उपासिकांनी अर्थ स्वतःच्या हाताने वहीत लिहावा. तीन महिन्यांत गाथा थोड्याच होतील, पण ज्या होतील त्या आपल्या होतील. खेड्यापाड्यांतील माणसांना ठाऊक आहे की उपसा थांबला की विहिरीचे पाणी नासते.