वातानुकूलन व इंधनखप, मोटारीतील
मोटारीतील हवा थंड व कोरडी करणाऱ्या यंत्रणेमुळे होणारा जादा इंधनखर्च. बहुतेक पेट्रोल व डिझेल गाड्यांत एसीचा काँप्रेसर पट्ट्याद्वारे एंजिनावर फिरतो. त्यामुळे मायलेज घटते.

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर तालुक्यांत हा परिणाम स्पष्ट जाणवतो. महाडच्या बाजारपेठेत गाडी संथ चालते. तेथे काचा उघडणे किफायतशीर. मुंबई–गोवा महामार्गावर वेग वाढला की उघड्या काचांमुळे हवेचा विरोध वाढतो व एसीचा तोटा तुलनेने कमी होतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने सुमारे १,३५० मी. उंचीवरील महाबळेश्वरकडे चढताना एंजिनावर आधीच ताण असतो. एसी बंद केल्यास ओढ सुधारते. उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडल्यास आधुनिक एंजिनाचा इंधनपुरवठा थांबतो आणि काँप्रेसर गाडीच्या गतीवरच फिरतो. न्यूट्रलमध्ये उतरणे मात्र धोक्याचे.

पावसाळ्यात वरंध व कशेडी घाटांत काचांवर आतून बाष्प धरते. एसी ते झटपट घालवतो. तेव्हा इंधनबचतीपेक्षा स्वच्छ दिसणे महत्त्वाचे. उन्हात तापलेल्या गाडीतील गरम हवा आधी बाहेर काढून मग एसी रिसर्क्युलेशनवर चालवल्यास खप घटतो.