शासनमुक्तीचा दुहेरी वारसा

राज्यसंस्था ही नैतिक जीवनाची साहाय्यक की वैरी, या प्रश्नावर रशियन धर्मचिंतनाची दोन टोके दिसतात. टॉल्स्टॉयच्या मते राज्याचा पाया हिंसा हाच होय. म्हणून सैन्यसेवा, न्यायासन आणि शपथ ही तिन्ही ख्रिस्ताच्या शिकवणुकीशी विसंगत ठरतात. हे मांडणारा त्याचा ‘ईश्वराचे राज्य तुमच्या अंतरी आहे’ हा ग्रंथ रशियात निषिद्ध ठरला आणि १८९४ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. त्याचा समकालीन सोलोव्ह्योव मात्र राज्याला करुणेचेच संघटित रूप मानीत होता: दुर्बळांचे रक्षण करुणेने करावयाचे, तर तिला व्यवस्थेचे बळ हवे.

गांधीजींनी टॉल्स्टॉयचा हा ग्रंथ १८९४ मध्येच दक्षिण आफ्रिकेत वाचला. त्यांच्यामार्फत आलेल्या या विचाराला मराठी मनात विनोबांनी रूप दिले. मात्र त्यांचे अधिष्ठान चर्चविरोधाचे नव्हे, गीता-उपनिषदांचे आणि ज्ञानदेवांचे होते. १९५३ मध्ये चांडिल येथे त्यांनी हिंसाशक्तीच्या विरोधी आणि दंडशक्तीहून भिन्न अशा तिसऱ्या शक्तीची कल्पना मांडली. राजनीतीच्या जागी लोकनीती यावी, हे तिचे सूत्र होते.

परंतु दान दिलेली जमीन गावाच्या नावे करावयाची, तर कायदा हवा. सप्टेंबर १९५७ मध्ये मैसूरजवळच्या येलवाल येथे पंडित नेहरूंपासून केरळचे साम्यवादी मुख्यमंत्री नंबूद्रिपादांपर्यंतचे नेते ग्रामदानाच्या पाठिंब्यासाठी एकत्र आले. महाराष्ट्रात १९६४ मध्ये ग्रामदानाचा कायदा झाला. ध्येय टॉल्स्टॉयचे आणि साधन सोलोव्ह्योवचे, असा हा संगम होता.

त्याचे मोल आणीबाणीत चुकवावे लागले. विनोबांच्या मौनकाळातील ‘अनुशासनपर्व’ हा शब्द सरकारने आपल्या समर्थनार्थ वापरला. शासन सत्ताधीशांचे आणि अनुशासन आचार्यांचे, हा भेद मौन संपल्यावर विनोबांनी स्पष्ट केला. तो त्यांच्या समग्र विचाराशी सुसंगतच होता. पण तोवर तुरुंग भरलेले होते, आणि ज्यांची माणसे आत होती त्यांना हा खुलासा अपुरा वाटला, यात नवल नाही. ज्या राज्याचे साहाय्य घ्यावयाचे, त्यालाच नकार देण्याची घटिका आली म्हणजे शब्द संदिग्ध ठेवून भागत नाही. टॉल्स्टॉयने ही संदिग्धता कधी पत्करली नाही. पण त्याच्या नकारातून जमिनीचा एखादा तुकडाही कायद्याने गावाचा झाला नसता.

गडचिरोलीतील मेंढा-लेखा हे गाव २०१३ मध्ये त्याच १९६४ च्या कायद्यान्वये ग्रामदानी म्हणून घोषित झाले. दिल्ली-मुंबईतील सरकार आपले, पण गावात आपणच सरकार, अशी या गावाची भूमिका आहे. राज्य नाकारणे नव्हे, तर त्याची मर्यादा गावाने ठरविणे, हा तिचा आशय होय. रशियन चिंतकांची दोन टोके इथे एकमेकांच्या जवळ येतात. आणि या वारशाची खरी कसोटीही, ग्रंथात नव्हे, अशा ग्रामसभेतच लागावयाची आहे.