पोलादाला पाणी कोणी पाजले?

विळ्याला ‘पाणी पाजणे’ हा शब्द आपल्या खेड्यातला. लोहार विळा लाल तापवतो, रंग पाहतो आणि नेमक्या क्षणी त्याची धार पाण्यात बुडवतो. धार कठीण होते. या क्षणाचा इतिहास कोणी लिहिला?

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त खड्गलक्षणाचे प्रकरण आहे. तेथे या क्रियेला ‘शस्त्रपान’ म्हटले आहे. म्हणजे शब्द तोच. पण ग्रंथ सांगतो काय? वैभव हवे त्याने शस्त्राला रक्त पाजावे, गुणी पुत्र हवा त्याने तूप, अक्षय धन हवे त्याने पाणी. पोलादाचे काय होते हे येथे नाही; तलवारीच्या धन्याला काय मिळते हे आहे. त्याच प्रकरणात केळीचा क्षार व ताक यांची एक कृती आहे. तिचे फळ मात्र शस्त्राचेच: ते दगडावर मोडत नाही, लोखंडावर बोथट होत नाही. हे भट्टीपाशी बसणाऱ्याचे बोलणे आहे. त्याचे नाव ग्रंथात नाही.

खरे कारण पुण्यात नाही, वेगात आहे. पोलाद म्हणजे थोडा कार्बन असलेले लोखंड. ते ७२७ अंश सेल्सिअसच्या वर पुरेसे तापले की कार्बन त्यात विरघळतो. सावकाश निवले तर तो वेगळा होतो आणि पोलाद मऊ राहते. पाण्यात एकदम निवले तर त्याला सुटायला सवड मिळत नाही. पोलाद कठीण होते, पण ठिसूळही. म्हणून ते पुन्हा बेताने तापवावे लागते. हा बेत लोहाराच्या डोळ्यांत होता.

१७९४ साली डॉ. हेलेनस स्कॉट यांनी मुंबईहून ‘वुट्झ’ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १८१९ साली वुट्झचे पृथक्करण प्रसिद्ध केले ते मायकेल फॅरडे यांनी. फॅरडे लोहाराचा मुलगा. तेथे लोहाराचा मुलगा प्रयोगशाळेत पोचला. येथे पोलाद करणाराचे नावही नमुन्याबरोबर गेले नाही. जातीने बुद्धी आणि हात यांची फारकत केली व विज्ञान खुंटले, हे प्रफुल्लचंद्र राय यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात स्पष्ट लिहून ठेवले आहे.

लोहार तर गावकुसाच्या आतला बलुतेदार. त्याची ही गत, मग कातडे कमावणाऱ्यांच्या, दोर वळणाऱ्यांच्या ज्ञानाची नोंद कोण घेणार? ती आपणच घेतली पाहिजे. त्यांच्या शब्दांत आणि त्यांच्या नावानिशी.