कोरा वस्तरा

न वापरलेली जुनी वस्तू हाती आली, की मनात दोन विचार उभे राहतात. एक म्हणतो, ज्या कामासाठी ती घडली ते काम तिने करावे. दुसरा म्हणतो, इतकी वर्षे जी कोरी राहिली, तिचे कोरेपण आपल्याच हातून का मोडावे? समई असती तर हा वाद पेटला नसता. ती पाजळावी, पुन्हा घासूनपुसून ठेवावी. तिचे काही बिघडत नाही. वस्तऱ्याचे तसे नाही. तो एकदा दगडावर घासला, की त्याचे कोरेपण कायमचे गेले.

हा वाद मी जुन्नरच्या एका नाभिक घरात ऐकला. त्यांच्याकडे एकाच छापाचे चार कोरे वस्तरे आहेत. पात्यावर जर्मनीतील झोलिंगेन गावचे नाव, मुठीला सेल्युलॉइडच्या पिवळसर पट्ट्या, आणि धार कारखान्यातून आली तशीच. "आजोबांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेले आहेत, गुरुजी; ते संग्रहालयात जावेत," असे थोरल्याचे म्हणणे. धाकट्याचे मंचरला दुकान आहे. तो म्हणतो, "वस्तरा काचेच्या कपाटात ठेवला तर तो वस्तरा कसला?"

दोघांचेही म्हणणे वजनदार आहे. म्हणून या वस्तूच्या इतिहासालाच थोडे विचारून पाहू.

'वस्तरा' हा शब्द फारसी 'उस्तुरा'वरून आला. त्याआधी आपल्याकडे संस्कृतातला 'क्षुर' होताच, आणि 'क्षौर' त्यातूनच निघाले. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्णिलेल्या बलुतेदारीत न्हाव्याचे वेतन सुगीच्या धान्यात मिळे. ज्याच्या घरी धान्य येई पण रोकड क्वचित येई, त्याने रोख पैसे मोजून चार परदेशी वस्तरे घ्यावेत, याचा अर्थ ध्यानी घेतला पाहिजे. ती हौस नव्हे; पुढच्या पिढ्यांच्या धंद्याची ती पुंजी होती.

पुंजी परदेशी का? एकोणिसाव्या शतकात वस्तऱ्याच्या बाजारात इंग्लंडमधील शेफील्डचा दबदबा होता. पुढे झोलिंगेनच्या कारागिरांनी पाते दोन्ही अंगांनी खोलगट घासून इतके पातळ केले, की शेफील्डला ती स्पर्धा जड गेली. काही जर्मन मालावर शेफील्डचे खोटे छाप पडू लागले, तेव्हा इंग्लंडने १८८७ साली मालावर उगमस्थान नोंदविण्याचा कायदा केला. हिंदुस्थानात तसाच कायदा १८८९ साली आला. 'मेड इन जर्मनी' ही अक्षरे मुळात कमीपणा दाखविण्यासाठी होती. गिऱ्हाइकांनी तीच चांगल्या मालाची खूण मानली.

विलायती मालाचा प्रश्न या मुलखाने रक्त देऊन विचारला आहे. आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळचे बाबू गेनू १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाच्या मोटारीपुढे आडवे झाले आणि प्राणास मुकले. आज डिंभे धरणाच्या जलाशयाला त्यांचे नाव आहे. त्याच पाण्याखाली जुने आंबेगाव गेले आणि तालुक्याला नाव तेवढे उरले. तरीही विलायती म्हणून हे वस्तरे टाकून द्यावेत, असे मी म्हणणार नाही. त्या मालाचा आपल्या माणसांशी आलेला संबंध हाही आपलाच इतिहास आहे.

मग ते कोरेच का राहिले? अमेरिकेत जिलेटने १९०३ साली आपली सुरक्षित दाढीची यंत्रे विकायला काढली, तेव्हा वर्षभरात अवघी ५१ खपली. पुढच्याच वर्षी खप नव्वद हजारांवर गेला. घरोघरी माणसे आपली दाढी आपणच करू लागली. बलुत्याची घडी मोडली, दुकाने झाली. १९८६ साली भारतात एचआयव्हीचे रुग्ण आढळले, आणि त्यानंतरच्या काळात दुकानांतून अखंड पात्याचा वस्तरा मागे पडून दर गिऱ्हाइकाला नवे पाते घालण्याची रीत रुळली. ती योग्यच आहे. एक धंदा संपून दुसरा सुरू झाला, त्या सांध्यावर हे चार वस्तरे पडून राहिले.

न वापरलेल्या वस्तऱ्याचा आणखी एक इतिहास आहे. १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन करावयाचे नाही, असा निर्धार झाला. धोकटीतून वस्तरा बाहेर न काढणे हेच त्या दिवशी मोठे काम ठरले. परंतु त्या नकाराला मोल आले, ते वस्तऱ्याला धार होती म्हणून. बोथट वस्तऱ्याच्या नकाराला कोण विचारतो?

जुन्नरचेच दुसरे उदाहरण घ्या. जुन्नरी हातकागद एके काळी नावाजलेला होता. मराठी दप्तरांत तो वापरला गेला. आपण जपला तो लिहिलेला कागद. कोरा कागद जपून ठेवण्याचे फारसे कोणाच्या मनात आले नाही. वस्तूला इतिहास वापराने येतो, ही धाकट्याची बाजू. पण कागद्याने कागद कसा घोटला, हे शाई न लागलेल्या तावावर अधिक स्वच्छ दिसते, ही थोरल्याची.

आता व्यवहाराचे बोलू. कारखान्याची धार बहुधा दाढीजोगी नसते. ती लावावी लागते. धार लावताना पात्याची पाठ आणि धार दोन्ही दगडावर सपाट टेकतात व दोन्ही सारखी झिजतात. म्हणून कोन कायम राहतो. ही त्या रचनेची खुबी आहे. पण त्यामुळेच पहिल्या घासणीची खूण पाठीवर उमटते आणि पुसत नाही. दुसरीकडे, नुसते बंद पेटीत ठेवणे म्हणजे जपणे नव्हे. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मिटलेले पाते मुठीतच गंजते. त्यात सह्याद्रीच्या कुशीतला आषाढ-श्रावण! तेलाचा हात आणि मोकळी हवा नसेल, तर जपणुकीच्या नावाखाली वस्तरा मरतो.

माझा कौल असा. कोरा वस्तरा एकच असेल, तर त्याला दगड लावू नये. तेल लावून, त्याची हकिगत लिहून ठेवावी. चार असतील, तर एक तसाच राखावा. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्र्या जमवून दाखवून दिले, की घरगुती वस्तूही संग्रहालयाचा मान घेऊ शकते. बाकीच्यांना धार लावावी. दुकानात गिऱ्हाइकासाठी नव्हे, स्वतःच्या दाढीसाठी. कारण नाहीसे होत चालले आहे ते पोलाद नव्हे. पाते दगडावर किती दाबावे, चामड्याच्या पट्ट्यावर कसे उलटावे, धार आली हे अंगठ्याला कसे कळावे, हे ज्ञान जुन्या हातांत आहे. ओतूर, नारायणगाव, घोडेगावच्या बाजारांत असे हात अजून भेटतील. ते आहेत तोवर एक वस्तरा त्यांच्यापुढे ठेवावा आणि शेजारी बसून शिकून घ्यावे. पोलाद तेलात टिकते; हाताचे ज्ञान दुसऱ्या हाताशिवाय टिकत नाही.